पेबुक, टी आकाराचा बिल्ला आणि डिस्चार्ज बुक, कसं वाचायचं?

मेलबर्नकर:
२००४ ला आम्ही इथे राहायला आलो तेव्हा शेजारचे आजोबा ऐंशीच्या पुढे होते. ते जाऊन बरीच वर्षं झाली, आता आजीही गेल्या आणि त्यांच्या भाचीने बिस्किटांचा एक डबा माझ्या हातात ठेवला. आत आर्मीचं पेबुक, म्हणजे सैनिकाची पगाराची वही, नंबर व्हीएक्सने सुरू होणारा, इंग्रजी टी अक्षरासारखा कापडी बिल्ला आणि खाली जहाजावरच्या नोकरीचं डिस्चार्ज बुक, १९४६ पासूनच्या नोंदी. कुंपणावरून तासनतास गप्पा मारायचो पण यातला एक शब्द कधी बोलले नाहीत हो. मला त्यांचं आयुष्य नीट लिहून काढायचंय, सुरुवात कुठून करू?

दप्तरखाना:
व्हीएक्स म्हणजे दुसऱ्या महायुद्धात व्हिक्टोरिया राज्यातून भरती, परदेशात लढायला स्वतःहून नाव दिलेला माणूस. टी बिल्ला ऑस्ट्रेलियन सैन्याच्या नवव्या डिव्हिजनचा, लिबियातल्या तोब्रुक बंदराच्या १९४१ च्या वेढ्याच्या आठवणीत घेतलेला, पण नंतर आलेल्यांनाही तो मिळाला, त्यामुळे नुसत्या बिल्ल्यावरून ते तोब्रुकला होते असं धरू नका. ऑस्ट्रेलियाच्या नॅशनल अर्काइव्हजमध्ये बी८८३ मालिकेत नंबर टाकून फाइल शोधा. बोटीवर कधी चढले, कधी उतरले, दवाखान्यात कधी होते, सगळं ओळीने मिळेल.

जुना खलाशी:
मी बत्तीस वर्षं मर्चंट नेव्हीत होतो. बुकातली एक ओळ म्हणजे एक साइन ऑन ते साइन ऑफ, जहाजावर रुजू झाल्यापासून उतरेपर्यंत. जहाजांची नावं काय आहेत?

मेलबर्नकर:
फाइल मिळाली!! ऑक्टोबर १९४१ पर्यंत तोब्रुकलाच होते. आणि जहाजं जवळपास सगळी 'आयर्न' अमुक, 'आयर्न' तमुक.

जुना खलाशी:
मग बीएचपी या पोलाद कंपनीची जहाजं. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या व्हायलाहून लोहखनिज भरायचं आणि न्यूकॅसल, पोर्ट केंब्लाच्या पोलाद कारखान्यांत ओतायचं, वर्षानुवर्षं तेच. आणि तोब्रुकचं म्हणाल तर वेढ्यात जमिनीचा रस्ता बंद, दारूगोळा, खाणं, जखमी, सगळी ने-आण समुद्रातूनच, तीही रात्री, दिवे न लावता, जुन्या डिस्ट्रॉयरवरून. त्यातलं ऑस्ट्रेलियाचं वॉटरहेन ३० जून १९४१ ला बॉम्बहल्ल्यानंतर बुडालं, माणसं मात्र सगळी वाचली. तिथे अडकलेल्याला जहाज म्हणजे काय वाटलं असेल, विचार करा.

मेलबर्नकर:
वाचून गलबलून आलं. एक आठवलं, आमच्या मधल्या फाटकाला ते दोरी बांधायचे, मी ओढून ओढून थकायचो, सुटायची नाही, ते येऊन अंगठ्याने नुसतं ढकलायचे की मोकळी.

जुना खलाशी:
ती बोलिन, खलाशांची गाठ. ओढायची नाही, वरचा वेढा मागे ढकलायचा. पुढच्या वेळी तुम्हीच बांधा.