रद्दीतून उचललेली कार्डं: जतन की लूट?

जुनाशिक्का
परवा इथे एकांनी लिहिलं होतं, "वाचनालयांचे शिक्के, तालिकाकार्डं, परतीच्या तारखांच्या चिठ्ठ्या जमवणारे लोक म्हणजे गिधाडं. वाचनालय आचके द्यायला लागलं की हे येऊन बसतात." तेव्हापासून राग जात नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

२००९ साली आमच्या तालुक्याच्या गावी वाचनालयात संगणक आला. तालिकाकार्डांची, म्हणजे एकेका पुस्तकाची नोंद असलेल्या कार्डांची, सागवानी पेटी लाकूडवाल्याने नेली आणि कार्डं पोत्यात भरून रद्दीच्या दुकानात गेली. मी तिथे वर्तमानपत्रं घालायला गेलो होतो. पोत्याचं तोंड उघडं होतं आणि वरच्याच कार्डावरचं अक्षर मी ओळखलं. लहानपणी मला पुस्तक काढून देणाऱ्या ग्रंथपालांचं, टाकाने लिहिलेलं. सहा किलो कार्डं घेतली, जेवढे पैसे खिशात होते तेवढी. घरी मोजली तर तीन हजारांच्या वर भरली.

त्यांत काय आहे ते ऐका. टोपणनावाने लिहिणाऱ्या लेखकाच्या कार्डावर लाल शाईत "खरे नाव पाहा". गावातल्या एका कवीने स्वखर्चाने छापलेल्या पुस्तिकेचं कार्ड माझ्याकडे आहे. पुस्तिका मी बारा वर्षं शोधतोय, कुठेही नाही. ती छापली गेली होती याचा आता तेवढाच पुरावा. बाकीच्या पोत्याचा लगदा झाला. मग गिधाड कोण?

निवृत्त_ग्रंथपाल
तुमच्या सहा किलोंबद्दल तक्रार नाही. पण तुमच्यासारखे गिऱ्हाईक तयार झाले म्हणून पुढे काय सुरू झालं, ते मी पाहिलंय. पुण्याच्या जुन्या बाजारात एक विक्रेता पुस्तकाचं शीर्षकपान ब्लेडने कापत होता. पानावर संस्थानी काळातल्या वाचनालयाचा गोल शिक्का होता. पान प्लॅस्टिकच्या पिशवीत आणि उरलेलं पुस्तक रद्दीत! शेवटच्या पानावरचे, कार्ड ठेवायचे खिसे वाफेवर सोडवून विकतात, तारखेच्या चिठ्ठ्या डझनावर विकतात. ३१ वर्षं देवघेवीच्या टेबलावर काढली आहेत, त्या बाजारात उभं राहवलं नाही मला.

चिठ्ठी पुस्तकात असते तेव्हाच तिला अर्थ असतो. १९६२ साली हे पुस्तक महिन्यात तीनदा बाहेर गेलं आणि १९७० नंतर एकदाही नाही, हे त्या पुस्तकाबद्दल काहीतरी सांगतं. सुटी चिठ्ठी म्हणजे नुसते जांभळे आकडे. आणि जुनी पुस्तकं संग्रहातून बाद करणं हा गुन्हा नाही. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांनी १९३१ मध्येच सांगून ठेवलंय की ग्रंथालय वाढत राहणारी संस्था आहे. जागा करावीच लागते.

जुनाशिक्का
बाद करा हो, कोण नको म्हणतंय? पण बाद करताना कुणी अभ्यासकाला एक फोन केला? पान कापणाऱ्याला माझ्या पंक्तीला बसवू नका.

निवृत्त_ग्रंथपाल
तो कापतो कारण तुमच्यापैकी कुणीतरी विकत घेतं.

शाईचीदौत
दोघांचंही पटतं, पण एक सांगते. पुण्याचं १८४८ चं वाचनालय महाराष्ट्रातलं सगळ्यात जुनं, आणि तेव्हाचं त्याचं नाव होतं पूना नेटिव्ह जनरल लायब्ररी. हे 'नेटिव्ह' नंतर पाट्यांवरून गेलं, पण जुन्या पुस्तकांवरच्या शिक्क्यांत टिकून राहतं. नावं कशी बदलत गेली हे शिक्क्यांशिवाय कसं कळणार?

कोकणचा_वाचक
सगळ्यात जुनं?? रत्नागिरीचं जिल्हा नगर वाचनालय १८२८ चं आहे. वीस वर्षं आधीचं. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४०. पुण्याच्या आधी महाराष्ट्रात काही घडलंच नाही, असं समजणं कधी थांबणार?

शाईचीदौत
'सगळ्यात जुनं' हे चुकलं, मान्य. पण त्या काळातली बरीच वाचनालयं साहेब अधिकाऱ्यांच्या पुढाकाराने, इंग्रजी पुस्तकांवर उभी राहिली. पुण्यात लोकहितवादींसारखी माणसं मागे होती. फरक आहे.

कोकणचा_वाचक
चूक निघाली की व्याख्या बदलायची. मराठीचाच निकष लावायचा तर ठाण्याकडे जा. तिथलं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ चं, मराठी ग्रंथ जमवायचे याच हेतूने वि. ल. भावे यांच्या पुढाकारातून उभं राहिलेलं. मग पुणे त्यातही पहिलं नाही.

बडोदेकर
तुम्ही वर्षांवरून भांडताय, आणि ग्रंथालय गावोगाव नेणाऱ्या माणसाचं नाव अजून कुणी घेतलं नाही. सयाजीरावांनी १९१० साली बॉर्डन नावाचा अमेरिकन ग्रंथपाल बडोद्याला आणला. मध्यवर्ती ग्रंथालय, ग्रंथपालांसाठी प्रशिक्षणवर्ग आणि खेड्यांत लाकडी पेट्यांतून जाणारी फिरती वाचनालयं, सगळं त्या काही वर्षांत. १९१२ पासून 'लायब्ररी मिसेलनी' नावाचं नियतकालिक निघालं, त्यात इंग्रजी आणि गुजरातीबरोबर मराठी मजकूरही असे. माझे पणजोबा शिक्षक होते. पेटी शाळेत यायची, किल्ली त्यांच्याकडे असायची आणि पेटी उघडायच्या दिवशी पोरं घरी जायला तयार नसत, असं आजी सांगायची. तशी एखादी पेटी मिळाली तर मी घरात ठेवीन, गिधाड म्हणा नाहीतर काही म्हणा.

ड_वर्ग
मी एका खेड्यातल्या वाचनालयात काम करतो. १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला, अ ब क ड वर्ग ठरले, आम्ही शेवटच्या वर्गात. अनुदान हप्त्याने येतं, त्यातच पुस्तकं, वीजबिल आणि माझा पगार. पगार म्हणायला जीभ रेटत नाही. पावसाळ्यात कपाटांवर ताडपत्री टाकतो. आणि इथे सागवानी पेटी, टाकाचं अक्षर, १८२८ की १८४८! तुमच्यापैकी किती जण आज एखाद्या वाचनालयाचे वर्गणीदार आहेत? खरं सांगा.

जुनाशिक्का
मी आहे. दोन ठिकाणी.

कोकणचा_वाचक
मीही. आणि रत्नागिरी १८२८ हे पगाराने बदलत नाही.

ड_वर्ग
बदलत नाही. पण ते १८२८ चं कपाट पुसायला माणूस लागतो, एवढंच म्हणतोय.

मिरजेची_लेक
मी फारसं लिहीत नाही. आई गेली त्याच्या पुढच्या वर्षी माहेरच्या गावातल्या वाचनालयात गेले होते. सहज एक कादंबरी काढली. मागच्या खिशातल्या कार्डावर सभासद क्रमांक ४१७, एकदा नाही, पाच वेळा. १९७४ ते १९८१. ४१७ आईचा होता, घरी तिचं वर्गणीचं पुस्तक आहे म्हणून मला पाठ आहे. एकच कादंबरी तिने पाच वेळा का आणली असेल? मी तिथेच बसून ती वाचली आणि मग मला कळलं. इथे सांगणार नाही.

ते कार्ड मागून घ्यावंसं वाटलं होतं, दिलंही असतं त्यांनी. पण परत खिशात ठेवलं. पुस्तकाबाहेर तो नुसता ४१७ आहे.

निवृत्त_ग्रंथपाल
ताई, तुमचं वाचनालय न्यूआर्क पद्धत, म्हणजे पुस्तकाच्या कार्डावर सभासद क्रमांक लिहायची पद्धत, वापरत होतं म्हणून हे उरलं. ब्राऊन पद्धतीत पुस्तक परत आलं की वाचकाचं तिकीट त्याच्या हातात, वाचकाची खूण मागे राहत नाही. आम्ही ब्राऊनच वापरायचो. कोण काय वाचतो हे गावाला कळू नये, असं मला तेव्हा वाटायचं आणि आजही वाटतं. पण तुमचं वाचून पहिल्यांदाच थोडं वाईट वाटलं.

जुनाशिक्का
ठीक. खिसे आणि पुस्तकातली कार्डं मी यापुढे घेणार नाही. घेतली होती, चाळीसेक. ज्यांच्यावर दाखल क्रमांक (पुस्तक वाचनालयात आलं तेव्हाचा नोंद क्रमांक) आणि वाचनालयाचं नाव आहे ती त्या त्या ठिकाणी पाठवीन, पुस्तक अजून असेल तर लागतील. तालिकाकार्डं मात्र देणार नाही. ती टाकून दिलेली होती, आणि पेटीच नाही तर ठेवणार कुठे?

निवृत्त_ग्रंथपाल
ठेवा. एक विचारतो. काही कार्डांच्या पाठीवर पेन्सिलीने 'दु.' लिहिलेलं आहे का?

जुनाशिक्का
आहे! साठ-सत्तर कार्डांवर. ती मी वेगळी काढून ठेवली आहेत, 'दुर्मिळ' म्हणून.

निवृत्त_ग्रंथपाल
दुर्मिळ नव्हे, दुरुस्ती. आमच्या भागात अशीच खूण करत. पुस्तक बाइंडरकडे गेलं की पेन्सिलीने दु., परत आलं की खोडायचं. तुमच्याकडची खोडलेली आहेत का?

जुनाशिक्का
नाहीत. आत्ता काढून बघितली. एकही नाही. तो कवीसुद्धा यातच आहे.

निवृत्त_ग्रंथपाल
म्हणजे ती पुस्तकं बाइंडरकडून परत आलीच नाहीत, किंवा आली आणि खोडायला कुणी उरलं नव्हतं. दाखल नोंदवहीत शेवटच्या रकान्यात शेरा असेल. पुस्तक हरवलं, बाद झालं की कुणाला दिलं, तिथेच कळेल. नोंदवही कुठे आहे?

जुनाशिक्का
तीही त्याच पोत्यांबरोबर गेली होती. कातडी बांधणीची होती, माझ्या आधी कुणीतरी उचलली.