मोस्ट वॉन्टेड (२००५) नव्या मॉनिटरवर फताडा दिसतोय, उपाय सांगा

वैदर्भी_रेसर
बर्डीवरून नवा मॉनिटर आणला, १९२० बाय १०८० चा. घरी येऊन पहिले काय लावलं, तर नीड फॉर स्पीड मोस्ट वॉन्टेड, २००५ वाला. बीएमडब्ल्यू एम३ जीटीआरची चाकं पाहा, पार अंडी! गेमच्या सेटिंगमध्ये सगळी जुनी रिझोल्यूशन, १०८० चं नावच नाही. धाकटा म्हणते, २०१२ वाला घे. काहून घेऊ? त्यात रेझर, आपला मेन व्हिलन, कुठं आहे? विंडोज १० आहे. कोणी जमवलं असेल तर सांगा.

तर्री_जास्त
धाकट्याचं ऐकू नको. २०१२ चा गेम वेगळ्याच कंपनीच्या हातचा, नाव तेवढं सारखं.

तुझा गेम ४:३ साठी, म्हणजे जुन्या चौकोनी स्क्रीनसाठी बनलेला आहे. तेच चित्र तुझ्या रुंद १६:९ वर ताणलं की रुंदी बरोबर एक तृतीयांश वाढते, म्हणून चाकं तशी. नुसता आकडा बदलून भागत नाही, कॅमेऱ्याचा कोनही बदलावा लागतो. तो बदलला की डाव्या-उजव्या बाजूचा रस्ता जास्त दिसतो, वरखाली काही कापलं जात नाही. पोलीस मागं लागल्यावर त्याची किंमत कळते.

यासाठी थर्टीनएजी नावाच्या मॉडरचा (गेममध्ये स्वतः बदल करून देणाऱ्याचा) ‘वाइडस्क्रीन फिक्स’ आहे, फुकट. गिटहब साइटवरच्या त्याच्याच पानावरून घे. ‘डाउनलोड नाऊ’ची चार बटणं असलेल्या साइटवर जाऊ नको. झिप उघडून सगळं, स्क्रिप्ट्स फोल्डरसकट, जिथं स्पीड नावाची एक्झी फाइल आहे तिथं टाक. गेम १.३ व्हर्जनचा पाहिजे, नाहीतर फिक्स लागत नाही. स्क्रिप्ट्समधली आयएनआय फाइल नोटपॅडमध्ये उघडून रेझ-एक्स आणि रेझ-वाय दोन्ही शून्य आहेत का पाहा. शून्य म्हणजे डेस्कटॉपचंच रिझोल्यूशन घेतो. फिक्स-एचयूडी (एचयूडी म्हणजे स्क्रीनवरचे मीटर-नकाशे) १ ठेव, नाहीतर रस्ता नीट आणि स्पीडोमीटर लंबगोल!

गेम प्रोग्राम फाइल्समध्ये असेल तर तिथून हलव. तिथं विंडोज फाइल बदलू देताना फार नखरे करते.

धंतोलीकर
मी यातलं काहीच केलं नाही बुवा. ग्राफिक्स कार्डच्या सेटिंगमध्ये स्केलिंगला ‘आस्पेक्ट रेशो कायम ठेवा’ असा पर्याय असतो, तो लावला. चित्र मधल्या १४४० बाय १०८० मध्ये येतं, दोन्ही बाजूंना २४० पिक्सेलच्या काळ्या पट्ट्या. गेम जसा बनवला तसाच दिसतो.

तर्री_जास्त
काका, तुमचंही बरोबर. पण नवा मॉनिटर घेऊन पट्ट्या पाहायच्या, हे त्याच्या जिवावर येईल.

वैदर्भी_रेसर
झालं भाऊ! चाकं गोल, मीटर गोल. सेव्हसुद्धा जागेवर आहे, ब्लॅकलिस्ट (हरवायच्या रेसरांची यादी) जिथं सोडली तिथूनच. फक्त मधले व्हिडिओ अजून धूसर दिसतात. आणि पंखा लय आवाज करतो.

तर्री_जास्त
व्हिडिओ मुळातच कमी रिझोल्यूशनचे आहेत, या फिक्सकडे त्याला इलाज नाही. पंख्यासाठी गेमच्या व्हिडिओ सेटिंगमध्ये व्ही-सिंक चालू कर, म्हणजे मॉनिटर दाखवतो तेवढ्याच फ्रेम निघतील. एवढा जुना गेम आजच्या कार्डवर मोकाट सुटतो, सेकंदाला शेकडो फ्रेम काढत बसतो, मॉनिटर दाखवतो साठच. आपल्याकडे मे महिन्यात खोलीत कूलर लावूनही घाम निघते, त्यात कार्डाला उगाच कशाला राबवतो?