आईवडिलांना केअर सेंटरमध्ये ठेवलंय? अनुभव लिहा

आप्पांना फेब्रुवारीत डाव्या बाजूला पॅरालिसिसचा झटका आला. वय ८१. आमचं घर लालबागला चाळीत, तिसरा मजला, लिफ्ट नाही, संडास गॅलरीच्या टोकाला. आप्पांना सांभाळायला ब्युरोच्या दोन मावश्या आल्या आणि महिन्याभरात गेल्या. आता केअर सेंटर बघतोय. मुंबईत नर्सिंग होम म्हटलं की छोटं हॉस्पिटलच डोळ्यांसमोर येतं. मी विचारतोय ते कायम राहायच्या जागेबद्दल. चांगलं-वाईट दोन्ही लिहा, जागेचं नाव नको.

मुलुंडहून, मुलगी
आईला डिमेन्शिया. पहिली जागा बघून आम्ही भारावलो होतो. एसी, फुलं, हसतमुख मॅनेजर. भेटीची वेळ सकाळी अकराची, तेव्हा आई न्हाऊमाखू घातलेली असायची. एकदा लोकल रखडल्या आणि मी रात्री साडेनऊला पोचले. पूर्ण मजल्याला एकच मावशी, पेशंट अठरा. आईच्या माकडहाडावर लाल चट्टा होता, मधोमध साल निघालेली. दर दोन तासांनी कूस बदलतो असं मॅनेजर सांगायचे. मी रजिस्टर मागितलं, तर रात्री बाराच्या रकान्यातही आधीच टिक केलेली! त्या मावशीवर मला राग धरवला नाही. अठरा माणसं एकटीने कशी वळवणार ती?

आठवड्याभरात आईला हलवलं. नवी जागा म्हणजे जुन्या बिल्डिंगमधले दोन फ्लॅट जोडलेले, रंग उडालेला. पण तिथली मावशी आईच्या केसांना तेल लावून वेणी घालते, टाचांखाली उशी ठेवते. जखम भरायला दोन महिने लागले. आई मला ओळखत नाही, तिला मात्र 'ताई' म्हणून हाक मारते. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा जिन्यात बसून रडले.

गिरगावातून, सून
सासूबाईंची तक्रार फक्त जेवणाची होती, आमटी गोड लागायची. विचारल्यावर त्यांनी घरचा गोडा मसाला ठेवून घेतला. बाकी उत्तम.

कांदिवलीहून, मुलगा
ठरले ३५ हजार, पहिलं बिल ४७ हजारांचं. डायपर, फिजिओ, डॉक्टरची व्हिजिट सगळं वेगळं. डिपॉझिट कधी आणि किती परत मिळणार, हे लिहून घ्या. धाकटा भाऊ वाटा देईना, म्हणून वकिलांना विचारलं. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली आई स्वतः न्यायाधिकरणाकडे निर्वाहखर्च मागू शकते, पण कायद्यात त्याला महिना दहा हजारांची मर्यादा आहे. आईने सहीला नकार दिला. "पोटच्या पोरावर अर्ज करू?" म्हणाली. मी तो विषय पुन्हा काढला नाही.

दादरहून, पुतण्या
आमचे काका अविवाहित, नाकातून जेवण द्यायची नळी होती. आडवं झोपवूनच फीड दिलं. रात्री खोकला, पहाटे ताप, मग न्यूमोनिया होऊन आयसीयू. तिथल्या सिस्टरने पलंगाचं डोकं तीस ते पंचेचाळीस अंश वर करून दाखवलं, फीडनंतरही अर्धा तास तसंच ठेवायला सांगितलं. एवढी साधी गोष्ट! तुमच्या माणसाला नळी असेल तर एक फीड समोर उभं राहून बघाच. संस्था ऐकत नसेल तर १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची सरकारी हेल्पलाइन आहे, फोन फुकट लागतो.

लालबागहून, पुन्हा मी
मुलुंडच्या ताई, तुमचं वाचून काल रात्री न कळवता एका ठिकाणी गेलो. चौदा पेशंटना दोन मावश्या आणि एक वॉर्डबॉय. दार लगेच उघडलं. एक आजोबा जागे होते, त्यांना पाणी पाजत होते. पण चादरींना कुबट वास येत होता, आणि अजून पाऊस सुरूही झालेला नाही. पावसाळ्यात एवढे कपडे ते कुठे वाळवतात, हे विचारायचं राहून गेलं. कोणाच्या सेंटरमध्ये याची नीट सोय असेल तर सांगा. आप्पांची त्वचा फार नाजूक झाली आहे.