सूर्याचं इंजिन मुंबईत चाललं, मग आपल्याकडं मोटच का राहिली?

बांधावरून (परभणी): दोन वर्षांपासून रानात तीन एचपीचा सौर पंप आहे. सकाळी ओल्या फडक्यानं प्लेटा पुसायच्या, ऊन वर आलं की पाणी धो धो. ढग आडवा आला की चारीतली धार तिथल्या तिथं बारीक. म्हणून परवा वाचलेली गोष्ट डोक्यातून जाईना. विल्यम ॲडम्स, मुंबई हायकोर्टाचा डेप्युटी रजिस्ट्रार. या कागदपत्रांतल्या माणसानं १८७० च्या दशकात कुलाब्याला बंगल्याच्या आवारात साधे सपाट आरसे अर्धगोलात मांडले, ऊन बॉयलरवर पाडलं आणि अडीच अश्वशक्तीचं वाफेचं इंजिन चालवून दाखवलं. १८७८ ला मुंबईतच पुस्तक काढलं, की उष्ण देशात सरपण-कोळशाऐवजी ऊन वापरा.

अडीच एचपी! माझा पंप तीनचा. मधल्या काळात माझ्या आज्यानं मोटेवर किती बैलजोड्या झिजवल्या असतील? इंग्रजांना कोळसा खपवायचा होता, म्हणून त्यांनी हे दडपलं. माझं तरी हेच मत.

हिशेबी: दडपलं म्हणायचं तर पुरावा लागतो, भाऊ. एक, आपण इंग्रजांच्या थेट राज्यात नव्हतोच. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजाम, आणि सिंगरेणीचा कोळसा त्याच्याच मुलखात. दोन, ॲडम्सचे आरसे सूर्यामागं फिरवायला दिवसभर माणूस उभा लागायचा. मोटेलाही लागतो, पण मोट गावातला सुतार न् चांभार दुरुस्त करतो. तीन, फ्रान्सच्या ओग्युस्तँ मूशोचं बघा. अल्जेरियात प्रयोग केले, १८७८ च्या पॅरिस प्रदर्शनात उन्हावर चक्क बर्फ करून दाखवला. पुढं कोळसा स्वस्त पडतो म्हणून त्याच्या सरकारनंही हात आखडता घेतला. दोन वेगळी साम्राज्यं, निकाल एकच. हा कट नाही, भाव आहे.

बांधावरून: भाव काय आभाळातून पडतो? रेल्वे कंपन्यांना सरकारनं पाच टक्के व्याजाची हमी दिली होती, नफा होवो न होवो. निजामाच्या रेल्वेच्या तर नावातच 'गॅरंटीड' होतं. तीच रेल्वे कोळसा वाहायची. आरशांना कुणी दमडीची हमी दिली?

गोदाकाठची: तुम्ही दोघं एक धरून बसलात की सूर्य म्हणजे गरिबाचा कैवारी. ॲडम्सनं सूर्यचूलही केली होती, पण डोळ्यापुढं कोण? गोरे शिपाई. आणि फ्रँक शूमन घ्या. अमेरिकन इंजिनिअर, १९१३ साली कैरोजवळ मआदीला त्यानं आरशांच्या पाच लांबलचक पन्हाळी बसवल्या, एकेक साठ मीटरच्या वर. त्या वाफेवर नाईलचं पाणी उपसून शेतात सोडलं. तेव्हा इजिप्तवर इंग्रजांचा कारभार, किचनेर तिथला कर्ताधर्ता. त्यानं शूमनला सुदानात तीस हजार एकर देऊ केली. कशाला? कापसाला! १९१४ ला महायुद्ध पेटलं आणि सगळं तिथंच थांबलं.

आता हेच यंत्र परभणी-जालन्याच्या काळ्या रानात आलं असतं असं धरा. मनमाडवरून आलेली रेल्वे दारात होतीच. उन्हानं पाणी काढलं असतं, पाण्यानं कापूस, आणि कापूस गेला असता मुंबईच्या गोदीत. तुमच्या आज्याच्या बैलांना आराम मिळाला असता हे खरं. पण सूर्यानंही सायबाच्याच घरी पाणी भरलं असतं.

लातूरकर: आन् एका गारपिटीत आरशांचा चुरा झाला असता, ते? माझ्या सौर पंपाचा कंट्रोलर जळून तीन महिने झाले. कंपनीवाले रोज 'उद्या येतो' म्हणायलेत. तुम्ही १८७८ चं काय घेऊन बसलाव!

बांधावरून: ताई, कापसाचा मुद्दा माझ्या ध्यानातच आला नव्हता. 'दडपलं' शब्द मागं घेतो. पण रात्री ऊन नसतं, ही जी सबब सगळे सांगतात, ती विहिरीच्या कामाला लागूच नव्हती. रब्बीला पाणी लागतं तेव्हा आभाळ मोकळं असतं, आणि उपसलेलं पाणी हौदात राहतं. इंजिन रात्री झोपलं तर बिघडलं काय? आणि हिशेबीभाऊ, हमीच्या प्रश्नावर तुम्ही गप्प आहात.

हिशेबी: देतो उत्तर. आत्ता साडेबारा वाजलेत, आमच्या फीडरला रात्रपाळीची लाईट आलीय. दारं धरून येतो.