पोटाचे स्नायू गेले तरी बसणं शिकता येतं
निपाणीच्या ताई, तुम्ही लिहिलंय की भावाची इजा छातीच्या सहाव्या मणक्याशी आहे, पोटात ताकद नाही, म्हणजे तो आता टेकल्याशिवाय बसणारच नाही. असं धरून चालू नका. पाठीवरचा लॅटिसिमस डॉर्साय हा रुंद स्नायू खाली कमरेच्या हाडापर्यंत येतो, पण त्याची नस मानेतून निघते. म्हणून अशा इजेत तो शाबूत राहतो आणि तोल सांभाळायच्या कामी येतो.

आमचे काका खानापूरकडे फणसाच्या झाडावरून पडले. सुरुवातीला एक हात उचलला तरी कलंडायचे. आधी दोन्ही हात टेकून, मग एक, मग समोरचा तांब्या उचलून परत ठेवणं, असं रोज चाललं. मागे कुणीतरी उभं असायचंच. मऊ गादीवर हे जमत नाही, टणक बैठक हवी.

खाटेवरून चाकांच्या खुर्चीवर नेताना आम्ही काकांना बगलेत हात घालून ओढायचो. फार चुकीचं होतं ते, खांद्याला इजा होते. फिजिओथेरपिस्टनी युक्ती दाखवली: डोकं पुढे, खाली आणि खुर्चीच्या उलट बाजूला झुकवायचं, की कंबर आपोआप खुर्चीकडे वळते. खाट आणि खुर्चीच्या मधे गुळगुळीत फळी ठेवायची. घासत मात्र नेऊ नका, बुडाची कातडी सोलली तर तिथे जाणीव नसल्यानं त्यांना कळतही नाही. ती रोज आरशात बघा.

भावाची खाट खुर्चीच्या उंचीची आहे का? नसेल तर खाटेच्या पायांखाली ठोकळे घालून आधी तेवढं करून घ्या.