चेतारा राहून गेलं!

इटलीतल्या अमाल्फी किनाऱ्यावर आता फक्त गर्दी आणि सेल्फी उरल्याचं एका प्रतिसादात म्हटलंय. तिथल्या पोझितानो गावापुरतं पटलं, पण त्याच किनाऱ्यावर, सालेर्नो शहराच्या बाजूला चेतारा आहे. मच्छीमारांचं गाव. वस्ती जेमतेम दोनेक हजार, किनाऱ्यावर जुना टेहळणी बुरूज.

गावची खरी मिरास म्हणजे 'कोलातुरा दि अलीची', मुरवलेल्या माशांचा खारा रस. वसंतात जाळ्यात येणारी अँचोवी (आपल्या मांदेलीची भावकी) हातानेच डोकं-आतडं काढून साफ करायची, चेस्टनटच्या लाकडी पिंपात मासे-मीठ-मासे असे थर लावायचे आणि वर दगडांचं वजन. काही महिने मुरलं की तळाच्या भोकातून पिंगट रस थेंबथेंब गळतो. प्राचीन रोमन लोकांच्या 'गारुम' या मासळीच्या रसाचा हा वारसदार. २०२० मध्ये युरोपियन युनियनचं भौगोलिक मानांकनही मिळालं.

नाताळच्या आदल्या रात्री याच रसातली स्पगेटी असते. लसूण, ऑलिव्ह तेल, पार्सली, बस्स. रस शिजवायचा नाही, वरून घालायचा. आणि पास्ताच्या पाण्यात मीठ टाकू नका, मी टाकलं होतं. अख्खं पातेलं खारट! वास म्हणाल तर सुकटीच्या डब्यात वाढलेल्यांना काहीच वाटणार नाही, बाकीच्यांनी आधी दोनच थेंब घालून बघा.