क्रू म्हणजे नुसतं वजन?

शिडाच्या बोटींच्या शर्यतीत एकट्याने बोट हाकण्यातच खरं कसब, दोघांच्या बोटीतला क्रू (सुकाणूवाल्याचा जोडीदार) म्हणजे नुसतं वजन, असं काहीजण म्हणतात. अजिबात पटलं नाही! वजन लागतंच, पण '४७०'सारखी दोघांची शर्यतीची बोट घ्या. सुकाणू आणि मोठं शीड एकाकडे, जिब (पुढचं लहान शीड) आणि ट्रॅपीझ (डोलकाठीवरून येणारी, लटकायची तार) दुसऱ्याकडे. ट्रॅपीझच्या तारेला लटकून कडेबाहेर आडवा झालेला क्रू लांबवरचं पाणी बघत असतो. काळपट, सुरकुतलेला पट्टा, म्हणजे वाऱ्याचा झोत, दिसला की "झोत येतोय, तीन, दोन, एक" म्हणायचं आणि 'एक'ला दोघांनी एकदम शरीर ताणायचं. बोट कलंडण्याऐवजी पुढे झेपावते, ती मजा एकट्याला कुठून मिळणार?

आणि परतीच्या टप्प्यावर, वारा मागून असताना, स्पिनेकर, म्हणजे फुग्यासारखं फुगणारं मोठं शीड! दोर सैल सोडत जायचा, वाऱ्याकडची कड जराशी दुमडली की हलकेच ओढायचा, लगेच पुन्हा सोडायचा. नजर हलली की शीड कोसळलंच. तेव्हा लाटा आणि मागून येणाऱ्या बोटी सांभाळणं सुकाणूवाल्याचं काम. क्रूने फक्त दोरातला जोर कमी होतोय की वाढतोय तेवढं सांगायचं, सल्ले द्यायचे नाहीत. (बहुतेक जोड्या इथेच मोडतात.)

२०२४च्या ऑलिंपिकमध्ये ४७० मिश्र जोडीची होती, एक स्त्री आणि एक पुरुष. वजन कुणाचं किती आणि सुकाणूवर कोण, याची गणितं त्यामुळे आणखी रंगली.

वारा पडला की मात्र क्रू गुडघे हनुवटीला लावून, श्वाससुद्धा जपून घेत कोपऱ्यात बसतो. तेवढ्यापुरतं ते 'नुसतं वजन' मान्य.